सेगा सॅटर्न: १९९५ चं आर्केड घरी आणायचं असेल तर आधी सेल, स्लॉट आणि केबल बघा

जुना सॅटर्न, म्हणजे सेगा कंपनीचा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम कन्सोल, घ्यायला निघालेले बरेच जण आधी खेळ घेतात आणि मग कन्सोल शोधतात. इथेच पहिली चूक होते. सॅटर्नला रीजनची, म्हणजे प्रदेशाची, कुलपं आहेत. जपानी डिस्क अमेरिकन किंवा युरोपियन मशीनमध्ये सरळ चालत नाही, आणि उलटही तेच. त्यामुळे मशीन कुठलं घ्यायचं ते आधी ठरवा, मग त्याची प्रकृती तपासा, मग केबल घ्या आणि खेळ सगळ्यात शेवटी. हे परीक्षणही साधारण याच मनःस्थितीतून लिहिलं आहे. तीस वर्षांपूर्वीचं यंत्र आज घ्यायचं झालं तर पैसे कशासाठी द्यायचे आणि ते वाया कुठे जातात, एवढाच प्रश्न.

सॅटर्न जपानमध्ये २२ नोव्हेंबर १९९४ ला ४४,८०० येनला आला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबरला, सोनीचा प्रतिस्पर्धी कन्सोल प्लेस्टेशन ३९,८०० येनला आला. पण या यंत्राचं खरं वर्ष १९९५. अमेरिकेत सेगाने २ सप्टेंबरची तारीख जाहीर केली होती. मग ११ मे ला ई३ या व्हिडिओ गेमच्या पहिल्या प्रदर्शनातच सांगून टाकलं की मशीन आजपासून निवडक दुकानांत मिळतंय, किंमत ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत सांगितली, २९९. ज्या दुकानांना माल मिळाला नाही ती चिडली आणि ज्या कंपन्यांचे खेळ सप्टेंबरसाठी तयार होत होते त्या तोंडघशी पडल्या. पुढे कित्येक महिने खेळांचा दुष्काळ होता. सॅटर्नचं नाव खराब झालं त्याला यंत्र कमी आणि ही घाई जास्त जबाबदार आहे, असं आमचं मत आहे. अर्थात यंत्रही अगदी निर्दोष नाही.

आत दोन हिताची एसएच-२ प्रोसेसर आहेत, २८.६ मेगाहर्ट्झचे. कागदावर हे दणकट वाटतं. प्रत्यक्षात दोघांना मुख्य मेमरीकडे जायला एकच वाट आहे. प्रत्येकाजवळ ४ किलोबाइटचा कॅशे, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, असतो. त्यात मावणारं काम असेल तर दोघं जोमाने चालतात, नाहीतर एक मेमरीपाशी आणि दुसरा त्याच्या मागे रांगेत. शिवाय चित्रासाठी व्हीडीपी१ आणि व्हीडीपी२ अशा दोन वेगळ्या चिप, आवाजासाठी यामाहाची ३२ चॅनेलची चिप आणि तिच्या दिमतीला मोटोरोलाचा ६८ईसी०००, सीडी सांभाळायला वेगळा एसएच-१. इतक्या जणांना एका तालात नाचवायचं म्हणजे प्रोग्रामरची परीक्षाच. १९९५ च्या पहिल्या सहामाहीतले खेळ आणि शेवटच्या दोन महिन्यांतले खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो तो यामुळेच. मधल्या काळात सेगाने आपली ग्राफिक्स लायब्ररी (चित्रं काढायचा तयार कोड) प्रोग्रामरांना करून दिली आणि दुसऱ्या प्रोसेसरला खरोखर कामाला लावणं जमू लागलं.

व्हीडीपी१ त्रिकोण काढत नाही, चौकोन काढते. खरं तर ते ताणलेले, मुडपलेले स्प्राइटच, म्हणजे सपाट चित्रंच, असतात. याचे परिणाम पडद्यावर दिसतात, म्हणून हे समजून घेतलेलं बरं. असा मुडपलेला चौकोन ओळीओळीने रंगवताना काही बिंदूंवर रंग दोनदा पडतो. साध्या रंगाला त्याने काही बिघडत नाही. पण अर्धपारदर्शक रंग दोनदा पडला की तिथे डाग दिसतो. त्यातच व्हीडीपी१ ची अर्धपारदर्शकता तिच्या स्वतःच्या चित्रापुरतीच चालते. मागे व्हीडीपी२ ने काढलेला पार्श्वभूमीचा थर असेल तर तो आरपार दिसतच नाही. म्हणून त्या काळच्या प्रोग्रामरांनी सोपी वाट काढली: जाळी. एक बिंदू रंगवायचा, एक सोडायचा, बुद्धिबळाच्या पटासारखं. सावल्या, धूर, काचा, पाणी, सगळीकडे तुम्हाला ही जाळी भेटेल. तिच्यावर चिडायचं की नाही हे तुमच्या केबलवर अवलंबून आहे. ते पुढे येईलच.

आता ज्यासाठी हे मशीन घ्यायचं ते. १९९५ च्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत जपानमध्ये सॅटर्नवर व्हर्चुआ कॉप (बंदुकीचा), व्हर्चुआ फायटर २ (लढतीचा) आणि सेगा रॅली (गाड्यांच्या शर्यतीचा) हे खेळ आले. तिन्ही मॉडेल २ या आर्केड बोर्डावरचे, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मोठ्या मशीनमधल्या सर्किटवरचे, आणि तो बोर्ड ताकदीत सॅटर्नच्या कितीतरी पुढे.

व्हर्चुआ फायटर २ जवळून बघण्यासारखा आहे. १ डिसेंबर १९९५ ला आलेला हा खेळ ७०४ गुणिले ४४८ च्या इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी काढणाऱ्या) रिझोल्यूशनमध्ये सेकंदाला ६० फ्रेम चालतो. मूळ आर्केड ४९६ गुणिले ३८४ वर चालायचं, म्हणजे रेषांच्या बारकाईत घरचं यंत्र वरचढ! हे कसं जमवलं ते थोडं थांबून पाहिलं की कळतं. व्हीडीपी१ फक्त लढणारे दोघं काढते. त्यांच्या पायाखालचं रिंगण पॉलिगॉनचं, म्हणजे त्रिमितीतल्या तुकड्यांचं, नाही. ते व्हीडीपी२ ने कलतं करून फिरवलेलं एक सपाट चित्र आहे, आणि मागचं दृश्यही सपाट थरांचं. कॅमेरा फिरताना मागच्या इमारती आकाशासारख्या सरकतात, खोलपणा दाखवत नाहीत. आर्केडमध्ये त्या खऱ्या त्रिमितीतल्या होत्या. दुसरी किंमत रंगांत मोजली आहे. या रिझोल्यूशनला व्हीडीपी१ कडे प्रत्येक बिंदूसाठी ८ बिटच उरतात, त्यामुळे अंगावरची प्रकाशछाया गेली आणि कपडे जरा सपाट दिसतात. पण हाताला लागणारं सगळं शाबूत आहे. थ्रो, काउंटर, बटण दाबल्यापासून ठोसा लागेपर्यंतचा अवकाश, सगळं. लढतीच्या खेळात कुठे काटछाट करायची आणि कुठे हात लावायचा नाही, याचा हा धडाच म्हणा.

सेगा रॅली ३० फ्रेमवर आहे आणि तरीही तिघांत आमचा कल तिच्याकडे. गाड्या टोयोटा सेलिका आणि लॅन्शिया डेल्टा, तिसरी लॅन्शिया स्ट्रॅटोस दडलेली. रस्ते डेझर्ट, फॉरेस्ट, माउंटन, आणि पहिल्या नंबरने पोचलात तर लेकसाइड. गाडी मातीवरून डांबरावर आली की पकड बदलते आणि ते बोटांना कळतं, नुसत्या साध्या डी-पॅडवरसुद्धा (कंट्रोलरवरचं दिशेचं बटण). वळणाच्या आधी क्षणभर ॲक्सिलरेटर सोडायचा, उलट बाजूला एक टिचकी द्यायची आणि मग वळायचं. मागचं चाक जिथे सुटतं तिथे परत ॲक्सिलरेटर. हे जमलं की माउंटनवरचे सेकंद आपोआप कमी होतात.

याच्या उलट डेटोना यूएसए, एप्रिल १९९५. २० फ्रेमच्या आसपास धावणारा, आणि पुढचा डोंगर गाडी अगदी जवळ गेल्यावर टपकन उगवतो. संगीत झकास, गाडीची वागणूकही बरीचशी मूळ, पण डोळ्यांना शीण. कुणी हा खेळ दाखवून ‘सॅटर्न म्हणजे हेच’ म्हणालं तर त्याला रॅली दाखवा. दोन्हींत नऊच महिन्यांचं अंतर आहे. व्हर्चुआ कॉपबद्दल एकच सूचना: त्याची बंदूक जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवरच चालते. एलसीडीवर ती आंधळी आहे. तिथे कंट्रोलरने निशाणी हलवून खेळता येतं, पण मग मजा ती काय राहिली?

आता प्रकृती. सुरुवात सेलपासून करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. मशीन चालू केल्यावर दरवेळी भाषा आणि तारीख विचारत असेल तर ते बिघडलेलं नाही. आतला सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळ आणि ३२ किलोबाइटची अंतर्गत मेमरी या सेलवर जगते, म्हणजे तो गेला की सेव्हही (खेळातली साठवलेली प्रगती) गेले. बदलायला मशीन उघडावं लागत नाही. मागच्या बाजूला एक झाकण आहे (व्हिडिओ सीडीचं कार्डही तिथेच बसतं), ते काढलं की सेल दिसतो. सेव्ह वाचवायचे असतील तर मशीन चालू ठेवूनच सेल बदलतात, कारण तेव्हा मेमरीला वीज मुख्य पुरवठ्यातून मिळत असते. जुना सेल कुठल्या बाजूने बसलाय ते नीट बघा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने उचला, नवा त्याच बाजूने दाबा. धातूचा स्क्रूड्रायव्हर इथे नको, चालू सर्किटवर घसरला तर भलतंच व्हायचं. जुने सेव्ह नसतीलच तर सरळ प्लग काढून निवांत बदला. नवा सेल दोन-एक वर्षं पुरेल असं धरा आणि तारीख टेपवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा.

त्या ३२ किलोबाइटवर फार भिस्त ठेवू नका. जागा लवकर भरते. सेव्ह कायमचे हवे असतील तर बॅकअप मेमरीची कार्ट्रिज (वरून खोचायची डबी) लागते, आणि इथेच सॅटर्नचं सगळ्यात मोठं दुखणं सुरू होतं: वरचा कार्ट्रिज स्लॉट. त्यातल्या पिना कालांतराने सैल होतात, कार्ट्रिज किंचित हलली तरी संपर्क तुटतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. मेमरी मॅनेजरमध्ये (मशीनचा सेव्ह दाखवणारा पडदा) कार्ट्रिज आज दिसते, उद्या दिसत नाही. अशा वेळी मशीनने फॉरमॅट करायचं का असं विचारलं तर हो म्हणू नका. बंद करा, कार्ट्रिज काढा. तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसत राहा. मग कोरडी कार्ट्रिज चार-पाच वेळा सरळ आत-बाहेर करा, म्हणजे स्लॉटमधल्या पिनाही घासून निघतात. सरळ म्हणजे सरळच, डावी-उजवी हलवत कोंबायची नाही. सैलपणाचं मूळ बहुतेकदा तेच असतं. आणि मशीन चालू असताना कार्ट्रिज काढायची किंवा घालायची नाही.

हा स्लॉट धडधाकट असायलाच हवा, कारण नंतरचे काही चांगले टू-डी (सपाट चित्रांचे) खेळ त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. किंग ऑफ फायटर्स ९६ आणि मेटल स्लगला १ मेगाबाइटची रॅम (जादा मेमरीची) कार्ट्रिज लागते, एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरला ४ मेगाबाइटची. किंग ऑफ फायटर्स ९५ चा न्याय तर आणखी निराळा. त्याला त्याची स्वतःची रॉम (खेळाचा डेटा भरलेली) कार्ट्रिजच पाहिजे, दुसरी कुठलीही चालत नाही. नुसती डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका. ॲक्शन रिप्लेच्या ४-मेगाबाइटवाल्या कार्ट्रिजमध्ये रॅम, सेव्हची जागा आणि रीजनचं कुलूप उघडणं असं तिन्ही असतं. सोय मोठी आहे, पण महत्त्वाचे सेव्ह तिच्यावर एकुलते एक ठेवू नका. अधूनमधून ते खराब झाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

डिस्क ड्राइव्हचं काय? दुप्पट गतीचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट. थकायला लागला की आधी संगीत अडखळतं, मग लोडिंग लांबतं, मग डिस्कच दिसेनाशी होते. बऱ्याच खेळांचं संगीत साध्या ऑडिओ ट्रॅकसारखं थेट डिस्कवरून वाजतं, म्हणून कान आधी सांगतात. तपासायला एक साधी ऑडिओ सीडी लावा आणि शेवटच्या ट्रॅकवर उडी मारा. आतला (पहिला) ट्रॅक वाजतो पण बाहेरचा (शेवटचा) वाजत नाही असं असेल तर लेझर ज्या दांड्यांवरून सरकतो त्या कोरड्या पडल्याची शक्यता जास्त. जुनं वंगण पुसून पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. ऑडिओ सीडी सगळी वाजते पण खेळाची डिस्क ‘या मशीनसाठी योग्य नाही’ असा संदेश येतो, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नाही, रीजनचा आहे किंवा डिस्क नकली आहे. लेन्स पुसायला अल्कोहोलचा जेमतेम ओलावा पुरतो, आणि दाब नाही. लेझरजवळचा तो छोटा पिळाचा रेझिस्टर फिरवायची घाई करू नका. त्याने थकलेला लेझर महिनाभर तरतरीत होतो आणि मग कायमचा झोपतो.

उघडायची वेळ आलीच तर एक ध्यानात ठेवा: पॉवर सप्लाय आतच आहे, उघडा बोर्ड, घरातली मुख्य वीज थेट त्यावर येते. प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या आणि तरीही त्या बाजूला बोट नेऊ नका. हाच पॉवर सप्लाय प्रदेशाप्रमाणे बदलतो. जपानी १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० चा, युरोपियन २३० चा. जपानी मशीन २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलं की खेळ खलास. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

लेझर पुरता गेला असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, ड्राइव्हच काढून त्या जागी एसडी कार्डवरून खेळ चालवणारा बोर्ड. तो मागवण्याआधी ड्राइव्हची पट्टीसारखी केबल मोजा, २० पिनांची की २१ पिनांची. बाहेरून बघून हे सांगता येत नाही आणि चुकीचा बोर्ड बसत नाही. रिया हा बोर्ड २० चा, फीबी २१ चा. दुसरा रस्ता सॅटिएटरचा. तो मागच्या व्हिडिओ सीडी कार्डाच्या जागेत बसतो, स्क्रूला हात लावावा लागत नाही. महाग, पण हाताला कंप असलेल्यांसाठी हाच बरा.

केबलकडे येऊ. सॅटर्नच्या मागचा गोल १० पिनांचा सॉकेट कंपोझिट, एस-व्हिडिओ आणि आरजीबी असे चित्राचे तिन्ही सिग्नल देतो, सगळ्यात धूसर ते सगळ्यात स्पष्ट या क्रमाने. त्यामुळे मशीन न उघडता, नुसती केबल बदलून चित्र सुधारतं. पण मघाचची जाळी आठवा. कंपोझिटच्या धूसरपणात ती जाळी विरघळते आणि गाडीखालची सावली खरोखर अर्धपारदर्शक दिसते. आरजीबी लावलं की तीच सावली मच्छरदाणीसारखी. १९९५ मध्ये हे खेळ बनवणाऱ्यांनी बहुतेक घरांत कंपोझिटच असणार हे धरलं होतं. आमच्या मते एस-व्हिडिओ हा मधला आणि सगळ्यात समाधानकारक मार्ग आहे. अक्षरं स्पष्ट, रंग शुद्ध. जाळी दिसते, पण बोचत नाही.

नव्या टीव्हीला हे कुठलंच सिग्नल सरळ लावू नका. बरेच टीव्ही २४०पी ला (२४० ओळींचं सलग चित्र) ४८०आय (एकाआड एक ओळींचं चित्र) समजतात आणि हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगवा फुटतो, शिवाय बटण दाबणं आणि पडद्यावर ते दिसणं यांत वेळेचं अंतर पडतं. चांगला स्केलर, म्हणजे जुना सिग्नल नव्या टीव्हीसाठी बदलणारी डबी, लागतो. व्हर्चुआ फायटर २ च्या वेळी आणखी एक भानगड होते: खेळ मध्येच रिझोल्यूशन बदलला की काही स्केलर दोन-तीन सेकंद काळा पडदा दाखवतात. घेताना हा बदल किती वेगाने होतो ते विचारा. युरोपियन मशीन घेत असाल तर ते मुळात ५० हर्ट्झचं, त्यामुळे जे खेळ नीट जुळवून घेतलेले नाहीत ते सुमारे १७ टक्के सावकाश चालतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात.

कंट्रोलर जपानी घाटाचाच घ्या. अमेरिकेत सुरुवातीला दिलेला कंट्रोलर मोठा आणि बोजड होता. पुढे सेगाने तिथेही जपानीच द्यायला सुरुवात केली, यातच काय ते आलं. सहा बटणं समोर, दोन खांद्यावर, आणि डी-पॅड असा की अर्धवर्तुळ फिरवताना अंगठा कुठेच अडत नाही. लढतीच्या खेळांसाठी याहून सरस कंट्रोलर त्या पिढीत नव्हता, प्लेस्टेशनचा चार तुकड्यांचा डी-पॅड धरून. एखादं बटण जोरात दाबावं लागत असेल तर मागचे स्क्रू काढून रबरी पॅड आणि बोर्डावरचे काळे ठिपके अल्कोहोलने पुसा, दहापैकी नऊ वेळा तेवढ्यावर भागतं.

विकणाऱ्याकडून फोटो मागू नका, एकसलग व्हिडिओ मागा. क्रम असा: प्लग काढलेला, मग लावलेला, मशीन चालू. तारीख विचारते का? मेमरी मॅनेजरमध्ये कार्ट्रिज दिसते का, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही दिसते का? ऑडिओ सीडीचा शेवटचा ट्रॅक. मग एक खरी, मूळ डिस्क आणि पाच मिनिटं खेळ. लंबगोल बटणांचं पहिलं मॉडेल असेल तर डिस्क वाचताना लुकलुकणारा दिवाही दिसला पाहिजे. गोल बटणांच्या नंतरच्या मॉडेलला तो दिवाच नाही, तेव्हा तिथे त्याची वाट बघू नका. सेल मेलेला असेल तर चालेल, त्यावरून भाव थोडा पाडून घ्या. कार्ट्रिज दुसऱ्यांदा दिसली नाही तर मात्र दुसरं मशीन शोधा.